शुक्रवारची रात्र, शनिवारची खुर्ची

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेलमधल्या एका म्हाताऱ्या गिटारवाल्याला कार्यक्रमाला बोलवायचं, तर बिदागीच्या आधी वार ठरवावा लागतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याचे नाहीत. ते डायलिसिसचे. पहाटे पाचला भाची गाडी घेऊन दारात येते, सहाला तो केंद्रातल्या खुर्चीत बसतो, चारेक तास यंत्र त्याचं रक्त धुतं आणि घरी आला की तो संध्याकाळपर्यंत अंथरुणातून उठत नाही. मिसिसिपी डेल्टातला ब्लूज संगीताचा धंदा मात्र शुक्रवार-शनिवारवर चालतो. शनिवार असा हातचा गेला. उरला शुक्रवार, तोही अर्धाच. कारण रात्र चढली की पहाटे पाचला उठवत नाही.

त्याचं नाव इथं लिहीत नाही. वय ऐंशीच्या घरात, उमेदीच्या काळात ट्रॅक्टर चालवला, नंतर काही वर्षं कॅटफिश सोलण्याच्या कारखान्यात, आणि पहिल्यापासून रात्री गिटार. मी त्याला ऐकलं तेव्हा तो खुर्चीत बसून वाजवत होता. डाव्या दंडावर, बाहीखाली, मनगटाएवढी जाड फुगलेली शीर दिसत होती. तो फिस्टुला, डायलिसिसच्या सुया तिथंच टोचतात. त्या हातावर वजन पडलेलं चालत नाही, म्हणून ॲम्प दुसऱ्यानं उचलायचा. मध्यंतरात त्यानं सवयीनं ॲम्पच्या मुठीला हात घातला, तर भाची लांबूनच ओरडली, "अंकल, ठेवा तो खाली! त्या हातानं उचलायचा नाही, किती वेळा सांगायचं?" तो म्हणाला, "पोरी, हा ॲम्प तुझ्याहून म्हातारा आहे, माझ्याच हातानं जगलाय."

लोक त्याला प्रेमानं बिअर पाजायला येतात. त्याला दिवसभरात मोजकंच पाणी चालतं. भाचीनं बारवाल्याला सांगून ठेवलंय: पेला द्यायचा, पण बर्फाच्या चार खड्यांचा. डेल्टाचे प्रसिद्ध तिखट टमाले मीठ जास्त म्हणून बंद, बटाटा आणि टोमॅटो पोटॅशियमसाठी बंद, कोला फॉस्फरससाठी बंद. ज्या खाण्यापिण्यात हे गाणं वाढलं, त्यातलं जवळजवळ काहीच त्याला आता चालत नाही.

संपादकांनी या अंकाचा विषय 'उतारवय' असा कळवला, तेव्हा मला ब्लूजची ही माणसं आठवली. यांच्या गाण्यातून रॉक निघाला, अर्ध्या जगाचं लोकप्रिय संगीत निघालं. ती म्हातारी झाली, आजारी पडली, की त्यांचं कोण करतं आणि कसं करतं, हे पाहायला मी अमेरिकेच्या दक्षिणेत गेलो.

रोख घेतलं, कागदावर काही नाही

अमेरिकेत पासष्टी गाठली की सरकारी आरोग्यविमा, म्हणजे मेडिकेअर, मिळतो. पण रुग्णालयाचा भाग हप्त्याविना मिळायला ४० तिमाह्या, म्हणजे साधारण १० वर्षं, पगारातून कर कापला गेलेला असावा लागतो. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या. ज्यूक जॉइंटमध्ये, म्हणजे डेल्टातल्या दारू-नाचाच्या खोपट्यांत, पगारपत्रक नसतं. दारावर जमलेल्या पैशातून मालक रात्री दोन वाजता नोटा मोजून देतो. शेतावरची मजुरीही बऱ्याचदा अशीच रोख. आयुष्यभर राबलेला माणूस सरकारी नोंदींत जेमतेम काम केलेला दिसतो. आमच्या गिटारवाल्याला तारलं ते कॅटफिशच्या कारखान्यानं. तिथं कर कापला जात होता.

दुसरी गळती रेकॉर्डच्या धंद्यातली. जुन्या काळी गाण्यामागे एकरकमी पैसे हातावर ठेवायचे आणि हक्क कंपनीनं ठेवायचे, हा रिवाज होता. आर्थर 'बिग बॉय' क्रूडपचं 'दॅट्स ऑल राइट' घेऊन १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीची पहिली रेकॉर्ड निघाली. क्रूडप मात्र व्हर्जिनियात शेतमजुरी करत राहिला. डिक वॉटरमन या व्यवस्थापकानं प्रकाशकाशी भांडून ६० हजार डॉलरची तडजोड सह्यांपर्यंत आणली आणि शेवटच्या घटकेला प्रकाशकानं माघार घेतली. १९७४ मध्ये क्रूडप गेला. पैसे सुटले ते त्याच्या मागे, वारसांसाठी. यात आणखी एक मेख आहे. अमेरिकेतलं साधं रेडिओ केंद्र गाणं वाजवल्याबद्दल गीतकार-संगीतकाराला पैसे देतं. ज्यानं ते गायलं-वाजवलं त्याला छदामही देत नाही.

स्किप जेम्सची हकिगत तर दंतकथेसारखी सांगितली जाते. १९३१ मध्ये रेकॉर्डिंग करून हा माणूस ब्लूजमधून जवळजवळ नाहीसा झाला. १९६४ मध्ये जॉन फेहीसह तीन तरुण गिटारवादक शोधत आले, तेव्हा तो मिसिसिपीत ट्युनिकाच्या रुग्णालयात खाटेवर होता. त्याच उन्हाळ्यात त्यानं न्यूपोर्टचा महोत्सव गाजवला. दोन वर्षांनी इंग्लंडच्या 'क्रीम' बँडनं त्याचं 'आय ॲम सो ग्लॅड' गायलं आणि त्याचे सुमारे दहा हजार डॉलर त्याला मिळाले. सगळ्या कारकिर्दीतली घसघशीत म्हणावी अशी ही एकच मिळकत. १९६९ मध्ये कर्करोगानं तो गेला.

हे चित्र पालटायला एका बाईची चिकाटी कामी आली. रूथ ब्राउन १९५० च्या दशकात अटलांटिक कंपनीची सर्वांत खपणारी गायिका होती. नंतरच्या पडत्या वर्षांत तिनं लोकांच्या घरी धुणीभांडी केली, शाळेची बस चालवली. हॉवेल बेगल या वकिलाला हाताशी धरून तिनं अटलांटिकशी वर्षानुवर्षं झुंज दिली. १९८८ मध्ये कंपनीनं जुन्या कलावंतांचे हिशेब नव्यानं केले आणि त्याच झगड्यातून 'ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन' उभं राहिलं. आज मदतनिधींच्या कामाला लोक दानधर्म म्हणतात. त्यातला पहिला मोठा पैसा वसुलीचा होता.

गेब्रियलचा बाजारहाट

नॉर्थ कॅरोलायनातलं हिल्सबरो हे टुमदार गाव. 'म्युझिक मेकर' ही संस्था इथली. टिम आणि डेनिस डफी या जोडप्यानं ती १९९४ मध्ये काढली. टिम लोकसाहित्याचा विद्यार्थी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो ग्रीन्सबरोच्या जेम्स 'गिटार स्लिम' स्टीफन्स या मरणपंथाला लागलेल्या वादकाचं ध्वनिमुद्रण करत होता. जाता जाता स्लिम म्हणाला, गिटार गेब्रियलला शोध. गेब्रियल विन्स्टन-सेलमच्या सरकारी चाळीत सापडला. पांढरी लोकरी टोपी, तल्लख जीभ आणि खिशात काही नाही.

टिम टेपरेकॉर्डर घेऊन गेला होता. प्रत्यक्षात करायला लागला ते गेब्रियलला दवाखान्यात नेणं, बाजारहाट करून देणं, औषधं आणणं. आज औषधाला पैसे नाहीत, तो उद्या गाणार कसा, ही इतकी उघड गोष्ट संगीताच्या अभ्यासकांना तोवर आपल्या कामातली वाटली नव्हती. ध्वनियंत्रांच्या दुनियेतल्या मार्क लेव्हिन्सननं या टेप ऐकल्या, मदत केली, ओळखीपाळखीच्यांना ऐकवल्या. पुढे ताज महाल नावाचा ब्लूजगायक आणि गिटारवादक एरिक क्लॅप्टन पाठीशी उभे राहिले.

संस्थेचा सुरुवातीचा निकष साधा होता: दक्षिणेच्या परंपरेत मुरलेलं संगीत, वय ५५ च्या पुढे, वर्षाची मिळकत १८ हजार डॉलरच्या आत. मदत तीन अंगांनी होते. औषधं, वाणसामान, भाडं, विजेचं बिल यांसाठी दरमहा थोडी रक्कम; छप्पर उडालं, गाडी बंद पडली तर तातडीची रक्कम; आणि ध्वनिमुद्रण, पासपोर्ट, दौरा. तिसरं अंग नसतं तर ही चांगली धर्मादाय संस्था झाली असती, इतकंच. त्याच्यामुळे माणूस लाभार्थी न राहता पुन्हा वादक होतो.

आयर्निंग बोर्ड सॅमचंच पाहा. इस्त्रीच्या फळीवर कीबोर्ड बसवून तो वाजवणारा हा अवलिया न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यांवर गाजला होता. कॅटरिना वादळानंतर तो गेल्याचीच आवई होती. २०१० मध्ये डफीला तो साउथ कॅरोलायनात सापडला: जिवंत, फक्त विस्मृतीत गेलेला. संस्थेचा हात मिळाला, आणि सत्तरी ओलांडलेला सॅम पुन्हा महोत्सवांत दिसू लागला.

दोन हजार डॉलरची भिंत

एखादा म्हातारा कलावंत आजारी पडला की चाहत्यांना पहिली गोष्ट सुचते ती मदतीच्या जलशाची. हॉल घ्यायचा, दहा बँड फुकट वाजवतील, तिकिटांचे पैसे त्याला द्यायचे. हल्ली त्याच्या जोडीला ऑनलाइन वर्गणी. भावना सोन्यासारखी. पण क्लार्क्सडेलच्या भाचीनं मला यातली गोम समजावली, तेव्हा मी वही मिटून नुसताच ऐकत बसलो.

तिच्या मामाची सामाजिक सुरक्षेची पेन्शन तुटपुंजी आहे. तिला जोड म्हणून गरीब वृद्धांसाठीचा एसएसआय नावाचा सरकारी भत्ता मिळतो. २०२५ मध्ये एकट्या माणसाला तो जास्तीत जास्त महिना ९६७ डॉलर होता आणि दुसरी मिळकत असली की त्यातून वजा होतो. या भत्त्याची अट अशी की एकट्या माणसाकडे दोन हजार डॉलरहून जास्त शिल्लक नको. ही मर्यादा १९८९ पासून एका डॉलरनंही वाढलेली नाही. मिसिसिपीत हा भत्ता मिळतो त्याला गरिबांसाठीचा विमा, मेडिकेड, आपोआप मिळतो. भत्ता गेला तर तोही धोक्यात. मेडिकेड मेडिकेअरचे हप्ते भरतं, उरलेली बिलं भरतं, आणि उद्या शुश्रूषागृहात राहायची वेळ आली तर तिथला खर्चही बव्हंशी तेच उचलतं.

आता कुणी सद्भावनेनं बारा हजार डॉलर जमवून त्याच्या बँक खात्यात टाकले तर? शिल्लक मर्यादेवर गेली, भत्ता थांबला, विमा अडचणीत आला. बारा हजार कधी संपले ते कळणार नाही, आणि गेलेले हक्क परत मिळवायला पुन्हा अर्ज आणि महिनोन् महिने वाट. मामाच्या एका युरोपीय चाहत्यानं असाच बेत आखला होता. भाचीनं त्याला हात जोडून थांबवलं.

म्हणून जाणते मदतनिधी आजाऱ्याच्या हातात रोकड ठेवायचं टाळतात. पैसे निधीच्या खात्यात राहतात. दंतवैद्याचं, औषधाच्या दुकानाचं, रुग्णालयाचं बिल निधी परस्पर चुकता करतो. दुसऱ्यानं थेट भरलेला वैद्यकीय खर्च त्या माणसाची मिळकत धरला जात नाही. देणगीदाराला यात मोठ्या रकमेचा धनादेश हाती देतानाचा फोटो मिळत नाही, आणि अनेक देणग्या तिथंच अडतात.

दुसरं काम पाकिटं उघडण्याचं. भाचीच्या स्वयंपाकघरात बुटांच्या खोक्यात मामाची टपालं साठतात. रविवारी चर्चहून आली की ती सुरीनं एकेक फोडते. विमा कंपनीच्या लांबलचक पत्रावर सगळ्यात वर ठळक छापलेलं असतं की हे बिल नाही. खाली मात्र हजारोंचे आकडे. म्हातारा माणूस आकडा पाहतो, हबकतो आणि पुढची पाकिटं उघडायचं सोडून देतो. त्यातच एखादं खरं बिल, एखादं विम्याच्या नूतनीकरणाचं पत्र राहून जातं. मुदत चुकली की विमा गेला.

धर्मादाय दर्जा असलेल्या रुग्णालयांना गरीब रुग्णांसाठी सवलतीचं लेखी धोरण ठेवणं कायद्यानं भाग आहे. पण ती सवलत मागावी लागते, अर्ज भरावा लागतो, मिळकतीचा पुरावा जोडावा लागतो. ज्याला कधी पगारपत्रकच मिळालं नाही, तो पुरावा आणणार कुठून? मेम्फिसमध्ये भेटलेली, अशा अर्जांत मुरलेली एक कार्यकर्ती म्हणाली, "देणगी गोळा करण्याआधी मी बिल कमी करून घेते. ते जास्त स्वस्त पडतं."

दात, बोटं, श्वास

मेम्फिसच्या साउथ मेन रस्त्यावर, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्या लोरेन मोटेलच्या समोरच्या बाजूला, ब्लूज फाउंडेशनचं 'हॉल ऑफ फेम' आहे. काचेआडच्या गिटारी आणि कोट पाहायला पर्यटक येतात. याच फाउंडेशननं २००० मध्ये 'हार्ट फंड' सुरू केला. ब्लूज कलावंतांचा वैद्यकीय खर्च, दातांचा खर्च आणि अंत्यसंस्काराचा खर्च, असं त्याचं कामाचं क्षेत्र.

दातांचा उल्लेख मुद्दाम आहे. सर्वसाधारण मेडिकेअर दातांच्या नेहमीच्या उपचारांना, कवळीला, चष्म्याला आणि श्रवणयंत्राला पैसे देत नाही. इतर म्हाताऱ्यांना ही गैरसोय वाटेल. वादकाचं त्यावाचून पोट बंद होतं. हार्मोनिका वाजवणाऱ्याला ओठ आणि जीभ टेकवायला पुढचे दात लागतात. कवळी सैल असेल तर हवा निसटते, सूर फाटतो. ॲम्पशेजारी पन्नास वर्षं उभा राहिलेला माणूस ऐकायला कमी येतं म्हणून साथीदारांपासून तुटतो. मधुमेह मुरला की बोटांची टोकं बधिर होतात, तार दाबली की नाही तेच कळत नाही. त्यावर उपाय आहेत: पातळ तारा लावायच्या, तारा आणि पट्टी यांतलं अंतर कमी करून घ्यायचं, खालच्या सुरात गायचं. गिटार दुरुस्त करणारा चांगला कारागीर अशा वेळी फिजिओथेरपिस्टइतकाच कामाचा.

सेडेल डेव्हिसच्या उदाहरणापुढे हे सगळं सोपं वाटतं. आर्कान्सातल्या हेलेनाचा हा पोरगा नऊ-दहा वर्षांचा असताना पोलिओ झाला, हात निकामी झाले. त्यानं गिटार उलटी धरली आणि आईच्या स्वयंपाकघरातली लोण्याची सुरी तारांवरून फिरवायला सुरुवात केली. तोच त्याचा बाज झाला. १९५७ मध्ये ईस्ट सेंट लुइसच्या एका क्लबात पोलिसांची धाड पडली, चेंगराचेंगरी झाली, दोन्ही पाय मोडले. पुढचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत. २००५ मध्ये पक्षाघातानं गिटारही सुटली. मग तो नुसता गात राहिला. शुश्रूषागृहातून त्याला उचलून स्टुडिओत, महोत्सवात न्यायला तरुण वादक आनंदानं पुढे यायचे. नव्वदीच्या उंबरठ्यावर, २०१५ मध्ये त्याचा अल्बम निघाला: 'लास्ट मॅन स्टँडिंग'. सेडेल २०१७ मध्ये गेला.

रुग्णालयांनीही काही ठिकाणी वाट काढली आहे. १९९३ मध्ये जॅझचा ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी न्यू जर्सीतल्या एंगलवुड रुग्णालयात गेला. ज्यांना पैसे देणं जमत नाही अशा वादकांवर इथं उपचार व्हावेत, ही त्याची अखेरची इच्छा. तेव्हापासून 'जॅझ फाउंडेशन ऑफ अमेरिका'ने पाठवलेल्या जॅझ आणि ब्लूजच्या वादकांना तिथले डॉक्टर विनामूल्य तपासतात. न्यू ऑर्लीन्समध्ये १९९८ पासून वादकांसाठीच दवाखाना आहे. तिथं डॉक्टरला सांगावं लागत नाही की रुग्ण दुपारी उठतो, रात्री एकला जेवतो आणि औषधाच्या वेळा त्यानुसार बांधायच्या आहेत.

खरा प्रश्न पासष्टीच्या आधीचा. पन्नाशीतल्या वादकाला मेडिकेअर नाही. ओबामांच्या काळातल्या कायद्यानं राज्यांना गरीब प्रौढांसाठी मेडिकेड वाढवायची मुभा दिली. लुइझियानानं ती २०१६ मध्ये घेतली, नॉर्थ कॅरोलायनानं २०२३ च्या अखेरीस. ब्लूजची जन्मभूमी म्हणवणाऱ्या मिसिसिपीनं अजून घेतलेली नाही. त्यामुळे रक्तदाब आणि मधुमेह दहा-पंधरा वर्षं औषधाविना वाढत राहतात, आणि माणूस पासष्टीला विम्याच्या दारात पोचतो तो मूत्रपिंडं घालवूनच.

स्टेजवरून कधी उतरायचं

आजारी म्हाताऱ्याला मंचावर चढवणं ही सेवा की पिळवणूक? ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग टाइप टू मधुमेहाचा रुग्ण होता आणि उतारवयात बसूनच वाजवायचा. २०१४ च्या ऑक्टोबरात शिकागोत कार्यक्रमादरम्यान शरीर थकलं, उरलेला दौरा रद्द झाला आणि मे २०१५ मध्ये तो गेला. अखेरच्या काही कार्यक्रमांनंतर लोक कुजबुजले की आता थांबवायला हवं होतं. बो डिडलीला २००७ मध्ये आयोवातल्या एका कार्यक्रमानंतर पक्षाघात झाला; वर्षभरानं तोही गेला.

क्लार्क्सडेलच्या गिटारवाल्याला मी हे आडवळणानं विचारलं. त्यानं सरळ उत्तर दिलं. "खुर्चीत मी चार तास छताकडं बघतो. शुक्रवारी वाजवायचंय म्हणून गुरुवारी सुया सोसतो. शुक्रवार काढून घेतलास तर मी खुर्चीत कशाला जाऊ?"

हे पेलायला शेजारी शहाणं माणूस लागतं. लिओ 'बड' वेल्चनं तीस वर्षांहून जास्त काळ जंगलात लाकूडतोड केली आणि चर्चमध्ये गिटार वाजवली. त्याचा पहिला अल्बम आला तेव्हा तो ८१ वर्षांचा होता. त्याला जगभर फिरवलं ते व्हेन्सी व्हार्नाडो या माजी सैनिकानं. गाडी चालवणं, गोळ्या देणं, करार वाचणं, वेळेवर झोपवणं, सगळं तोच करायचा. डायलिसिसवरच्या वादकाचा दौरा तर वेगळाच आखावा लागतो: आधी वाटेतल्या गावांतल्या डायलिसिस केंद्रांत पाहुण्या रुग्णासाठी खुर्ची मिळते का ते बघायचं, कागदपत्रं काही आठवडे आधी पाठवायची, मग उरलेल्या वारांना कार्यक्रम लावायचे. करारात तळमजल्यावरची खोली, मंचापाशी दोनच पायऱ्या आणि सत्र पाऊण तासाचं असं लिहून घ्यायचं.

ब्लूजचा पियानोवादक पाइनटॉप पर्किन्स २०११ मध्ये ९७ व्या वर्षी ग्रॅमी घेऊन गेला आणि त्याच वर्षी वारला. त्याच्या नावानं चालणारी संस्था एकीकडे क्लार्क्सडेलजवळ पोरांना पियानो-गिटारच्या कार्यशाळा देते, दुसरीकडे वृद्ध वादकांना औषधपाण्याला आणि घरखर्चाला मदत करते. न्यू ऑर्लीन्समध्ये कॅटरिना वादळानंतर हॅरी कॉनिक ज्युनिअर आणि ब्रॅनफर्ड मार्सालिस यांच्या पुढाकारानं वादकांची वस्ती उभी राहिली: ७२ घरं, आणि शिवाय म्हाताऱ्यांना वावरायला सोपी अशी काही जोडघरं. आजारी पडल्यावर दारात कोण येणार, हा प्रश्न तिथं शेजारानंच सुटतो.

दगडाचे पैसे आधी का जमतात

क्लार्क्सडेलच्या सनफ्लॉवर ॲव्हेन्यूवर रिव्हरसाइड हॉटेलची जुनी इमारत आहे. १९४४ पूर्वी ते कृष्णवर्णीयांचं रुग्णालय होतं. २६ सप्टेंबर १९३७ ला महामार्गावरच्या मोटार अपघातानंतर ब्लूजगायिका बेसी स्मिथला इथंच आणलं आणि इथंच ती गेली. गोऱ्यांच्या रुग्णालयानं तिला परत पाठवलं ही कथा खोटी असल्याचं अभ्यासकांनी दाखवलं आहे. खरं त्याहून साधं आणि वाईट आहे: त्या काळच्या मिसिसिपीत तिला तिथं न्यायचा विचारही कुणी केला नसता. पेन्सिल्व्हेनियातल्या तिच्या कबरीवर १९७० पर्यंत दगड नव्हता. तो बसवला गायिका जॅनिस जॉप्लिन आणि बेसीच्या घरी काम केलेल्या हुआनिटा ग्रीन यांनी.

पुढे डेल्टात कबरी शोधून दगड बसवण्याची चळवळच झाली. १९८९ मध्ये 'माउंट झायन मेमोरियल फंड' निघाला. रॉबर्ट जॉन्सनच्या स्मारकाला त्याच्या रेकॉर्डी विकणाऱ्या कंपनीचा पैसा लागला. हॉवलिन वुल्फचा गिटारवादक ह्युबर्ट समलिन २०११ मध्ये गेला, तेव्हा अंत्यसंस्काराचा सगळा खर्च मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांनी उचलला. या सगळ्याबद्दल आदरच वाटतो. तरी मेलेल्याला मदत करणं सोपं असतं हेही खरं. दगडाला एकदाच पैसे लागतात, तो मुदती चुकवत नाही, त्याची पाकिटं उघडावी लागत नाहीत.

आपल्याकडच्या वाचकाला इथं विठाबाई नारायणगावकर आठवणारच. राष्ट्रपतींच्या हातून गौरव झालेली ही तमाशासम्राज्ञी २००२ मध्ये गेली तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या देणग्यांतून भागलं. महाराष्ट्र सरकार वृद्ध कलावंतांना दरमहा मानधन देतं. रक्कम कमी-जास्त असेल, पण 'दरमहा' हा त्यातला शब्द अमेरिकेतले निधीही अनुभवानं शिकले आहेत.

मुंबईशी ब्लूजचं नातं आता चांगलं जुनं झालंय. २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव भरू लागला आणि पहिल्याच वर्षी गिटारवादक बडी गाय आला होता. १९३६ चा जन्म, शिकागोत स्वतःचा क्लब. २०२५ मध्ये आलेल्या 'सिनर्स' चित्रपटातही अखेरीस तो म्हाताऱ्या ब्लूजगायकाच्या भूमिकेत दिसतो. त्या चित्रपटाची गोष्ट १९३२ च्या क्लार्क्सडेलची. गावात चित्रपटगृहच नाही म्हणून रहिवाशांसाठी खास खेळ लावावा लागला. तेव्हापासून तिथं पर्यटक वाढल्याचं दुकानदार सांगतात.

बडी गायच्या वाट्याला आलेलं सुख त्याच्या पिढीत फार थोड्यांना लाभलं. बाकीच्यांचं काय करावं, हे विचारणाऱ्या पर्यटकांसाठी त्या भाचीकडे तयार यादी आहे आणि ती कुणालाही सांगते. दारावरचे दहा-वीस डॉलर घासाघीस न करता द्या. सीडी त्याच्या हातून विकत घ्या. त्याच्या खात्यात मोठी रक्कम टाकू नका. निधीला द्या, आणि एकदाच भरभरून देण्यापेक्षा दरमहा पंचवीस द्या. महोत्सव भरवत असाल तर म्हाताऱ्याला दुपारचं सत्र द्या आणि पैसे त्याच रात्री द्या. आणि गावात राहत असाल तर महिन्यातून एका शनिवारी पहाटे पाचला गाडी काढा. तिच्या अनुभवात आधीच्या गोष्टींना होकार पटकन मिळतो. शेवटच्या गोष्टीला माणूस मिळाला, तर तिला स्वतःच्या नोकरीत त्या आठवड्यात एक पाळी जास्त करता येते, आणि मामाचा पुढचा महिना त्याच पाळीवर चालतो.